राजीखुशीने

मंजुळा पद्मनाभन यांच्या नाटकाचं नाव 'हार्वेस्ट'. मराठीत म्हणायचं तर सुगी, तोडणी. १९९७ साली ग्रीसमधल्या ओनासिस फाउंडेशनच्या स्पर्धेत या इंग्रजी नाटकाला पहिलं पारितोषिक मिळालं. पुढे गोविंद निहलानींनी त्यावर 'देहम' हा चित्रपट केला.

नाटक घडतं मुंबईतल्या एका खोलीत, तेव्हा भविष्यात असलेल्या २०१० साली. नोकरी गेलेला ओम एका कंपनीशी करार करतो. पैसा आणि सुखसोयी मिळणार; बदल्यात दूरदेशीच्या गिऱ्हाइकाला लागेल तेव्हा, लागेल तो अवयव द्यायचा. अविवाहित असल्याचं तो सांगून बसलेला, म्हणून बायको जया कागदोपत्री त्याची बहीण होते. घरातली चूल जाते, जेवणाऐवजी रंगीत गोळ्या येतात. सामाईक संडासाची गिऱ्हाइकाला किळस वाटते, म्हणून घरातच नवा बसवला जातो. छताला टांगलेल्या यंत्रातून जिनी नावाची देखणी गोरी तरुणी, म्हणजे हेच गिऱ्हाईक, बोलते, दटावते, तब्येतीची चौकशी करते. कंपनीचे पहारेकरी एक दिवस ओमऐवजी चुकून त्याच्या भावाला, जितूला, घेऊन जातात. जितू परततो तो डोळे गमावून.

मला हादरवून गेलं ते यंत्र नव्हे. हादरवून गेला तो ओम, कारण त्याच्यावर कुणी बंदूक रोखलेली नाही. रांगेत उभं राहून, निवड झाल्याच्या आनंदात तो घरी येतो.

काझुओ इशिगुरो यांच्या 'नेव्हर लेट मी गो' (२००५) या कादंबरीतही हेच आहे. अवयवांसाठीच जन्माला घातलेली मुलं एका चांगल्या निवासी शाळेत चित्रं काढत वाढतात. आपलं पुढे काय होणार हे त्यांना कळत जातं, तरी पळून कुणीच जात नाही. प्रेमात पडलेले दोघे फक्त थोड्या वर्षांची सवलत मागायला जातात, आणि तशी सवलत मुळात नसतेच.

डिस्टोपिया, म्हणजे भविष्याचं भीषण चित्र, म्हटलं की आपण प्रयोगशाळा आणि पोलादी पहारेकरी डोळ्यांपुढे आणतो. पण त्यातलं भय माणूस 'हो' म्हणतो त्या क्षणात असतं. 'राजीखुशीने लिहून देतो' हे आपल्या दस्तऐवजांतले शब्द. वडिलांच्या शस्त्रक्रियेआधी मीही असा कागद सही करून दिला होता. इंग्रजीत, बारीक अक्षरात, रात्री अकरा वाजता. वाचला नाही. वडील बरे झाले आणि त्या शास्त्राचा मी ऋणी आहे. मूत्रपिंड मिळून वाचलेल्यांचे जीव खरेच वाचलेले असतात. माझी तक्रार विज्ञानाशी नाही. सही करणाऱ्याला 'नाही' म्हणायची सोय होती का, एवढंच मला विचारायचं आहे. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात नात्याबाहेरच्या दात्याला स्नेहापोटी अवयव देण्याची मुभा आहे. स्नेह तपासायला समिती असते. दात्याच्या डोक्यावरचं कर्ज कोण तपासणार?

असा नाइलाजाचा 'हो' पाहायला भविष्यात जायला नको. बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार बायकांची पाहणी झाली तेव्हा, २०१९ मध्ये राज्याच्या समितीसमोर आलेला आकडा असा: ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली. कुणाला पोटदुखी, कुणाला अंगावरून पांढरं जाणं, कुणाला डॉक्टरांनी घातलेली कॅन्सरची भीती. पण त्यामागे फडावरचा हिशेब होता. मुकादमाकडून उचल घेतलेली, खाडा झाला की दंड, आणि पाळीच्या दिवसांत दुखणाऱ्या अंगाने मोळ्या वाहायच्या. नवरा-बायको मिळून एक कोयता. म्हणजे बाई अर्धा कोयता. सुसज्ज शस्त्रक्रियागृह, भूल, कुशल हात, सगळं आधुनिक वैद्यक हजर होतं, आणि ते शरीर कामाला सोयीचं करून देण्यासाठी वापरलं गेलं. कागदावर प्रत्येकीची संमती असणारच.

पद्मनाभन यांनी हे बीड पाहून लिहिलेलं नाही. तरीही 'हार्वेस्ट' हा शब्द वाचला की मला आता उसाचा फड दिसतो.

नाटकाच्या शेवटी ओम स्वतःहून कंपनीकडे निघून जातो. जयाची सासू नव्या यंत्रात गुरफटून पडलेली. जया खोलीत एकटी उरते. जिनी म्हणून बोलत होता तो व्हर्जिल नावाचा म्हातारा, असं उघड होतं. त्याला आता मुलासाठी जयाचं गर्भाशय हवंय. तेही दुरूनच, यंत्राच्या मदतीने. जया दार लावून घेते. हवं असेल तर स्वतः, याच हवेत, याच रस्त्यांनी चालत ये, नाहीतर मी मरेन, असं त्याला बजावते. आणि त्याच्या तोंडी सतत चुकणारं आपलं नाव आधी नीट उच्चारायला शिक, असं सांगते.