मोठे शब्द खाली ठेवा

वह्या मिटा आणि माझ्याकडे बघा. 'पावसाळ्यातील एक दिवस' या विषयावरचे तुमचे इंग्रजी निबंध तपासले. वहीमागून वही उघडली आणि प्रत्येकीत पाऊस 'कॅट्स अँड डॉग्ज' पडत होता. एकाच गाइडातून उतरवलेला पाऊस! आज इंग्लंडातला माणूस बोलताना हा वाक्प्रचार क्वचितच वापरतो. तो सरळ 'इट्स पोअरिंग' म्हणतो. तेवढे दोन शब्द एकाच्याही वहीत नव्हते.

'प्लेथोरा' मात्र होता. 'मॅग्निफिसंट' होता, 'पिक्चरेस्क' होता. आणि बसमधून उतरल्याचं लिहायची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी 'गॉट डाउन' लिहिलं. बसमधून उतरलो म्हणजे 'गॉट ऑफ', रिक्षातून उतरलो म्हणजे 'गॉट आउट ऑफ'. रोज एसटीनं शाळेत येता ना? मग रोज करता ती गोष्ट तुम्हाला सांगता येत नाही, याची लाज वाटायला हवी.

२००० सालापासून आपल्या राज्यात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याआधीची मुलं पाचवीत एबीसीडी गिरवायची. तुम्हाला चार वर्षं जास्त मिळाली. त्यांचं काय केलंत? याद्या घोकल्यात.

ऑग्डेन नावाच्या इंग्रज विद्वानानं १९३० साली रोजच्या व्यवहारापुरतं इंग्रजी ८५० शब्दांत बसवलं. त्यात क्रियापदं किती? फक्त १८. पुट, गेट, टेक, गिव्ह, गो, कम, मेक, कीप अशी. तुम्ही ज्यांना 'सोपे' म्हणून हिणवता, तेच हे शब्द. त्यांच्या मागे ऑफ, अप, आउट, ऑन लावलं की निम्मा संसार चालतो. सहल पुढे ढकलली, 'पुट ऑफ'. दिवा विझवला, 'पुट आउट'. शेजारच्यांचा गोंगाट सहन केला, 'पुट अप विथ'. मराठीत भूक लागते, डोळा लागतो, नाद लागतो, वाट लागते. 'लागणे' हे तुम्हाला कुणी यादीतून शिकवलं का? घरात ऐकत, वापरत शिकलात. 'पुट' आणि 'गेट' तसेच वापरून शिकायचे असतात.

आणि ते परीक्षेच्या आदल्या रात्रीचं पाठांतर! एबिंगहाउस या जर्मन संशोधकानं स्वतः निरर्थक अक्षरगट पाठ करून विसरण्याचा वेग मोजला आणि १८८५ साली तो प्रसिद्ध केला. पाठ केलेलं पहिल्या काही तासांतच झपाट्यानं उडतं, आणि एका बैठकीत रेटण्यापेक्षा दिवसादिवसांच्या अंतरानं केलेली उजळणी जास्त टिकते, हे त्यानं दाखवलं. तुमच्या यादीतले शब्दही तुमच्या लेखी निरर्थकच असतात, कारण त्यांना वाक्य नसतं, माणूस नसतो, प्रसंग नसतो.

वाचनालयाच्या कपाटात ऑक्सफर्डचा विद्यार्थीकोश आहे. हॉर्नबी या इंग्रज शिक्षकानं जपानमध्ये शिकवताना हा कोश परक्या विद्यार्थ्यांसाठीच तयार केला. १९४२ साली तो आधी तोक्योत निघाला. शब्द वाक्यात कसा बसतो, त्याच्यामागे कोणतं अव्यय येतं, हे तो दाखवतो. त्या कोशाची पानं अजून कोरी करकरीत आहेत. मोबाइलमध्ये मराठी अर्थ पाहिला की तुमचं काम संपतं. अर्थ कळणं आणि शब्द वापरता येणं यांत फार अंतर आहे, आणि तुम्ही पहिल्याच पायरीवर बसून राहिला आहात.

तुमच्यात बुद्धी कमी असती तर मी इतकं बोललो नसतो. मुलाखतीत, दवाखान्यात, परगावच्या कॉलेजात तुमच्याशी कुणी इंग्रजीत बोलेल तेव्हा 'पिक्चरेस्क' तुमच्या मदतीला येणार नाही, म्हणून बोलतोय.

उद्या प्रत्येकाच्या वहीत 'गेट' आणि 'पुट'ची मिळून दहा वाक्यं हवीत. प्रत्येक वाक्य तुमच्या घरातलं, वाटेवरचं, शेतातलं. गाइडातलं एक जरी सापडलं, तर वही परत येईल आणि दहाही वाक्यं नव्यानं लिहावी लागतील.