आधी कुणाला दिसलं?

कल्याणहून माळशेजकडे जाताना मुरबाड, टोकावडे मागे पडलं की वैशाखरे लागतं. तिथून नाणेघाटाची वाट चढते. माथ्यावरच्या गुहेत सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे. ही गुहा विल्यम साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1828 साली शोधली, असं पुस्तकं सांगतात. पण घाट तेव्हा काही ओस पडलेला नव्हता. जुन्नर-कोकण ये-जा करणारे त्या गुहेवरूनच जात.

मग साईक्सने शोधलं काय?

असाच प्रश्न एका बेटाबद्दलही पडतो. सैबेरियाच्या उत्तरेला, किनाऱ्यापासून सुमारे 140 किलोमीटरवर व्रांगेल बेट आहे. चहूकडे बर्फाळ समुद्र. 1820 ते 1824 या काळात रशियन नौदलातला फर्डिनांड व्रांगेल इकडे फिरत होता. किनाऱ्यावरच्या चुकची लोकांनी त्याला सांगितलं, उन्हाळ्यात हवा स्वच्छ असली की समुद्रापलीकडे डोंगर दिसतात. तो कुत्र्यांच्या गाड्या घेऊन गोठलेल्या समुद्रावर गेला आणि हात हलवत परतला. 1849 मध्ये ब्रिटिश कप्तान केलेटला ती जमीन लांबून दिसली. 1867 मध्ये थॉमस लाँग या अमेरिकन देवमासेमाराने ती नीट पाहिली आणि तिला व्रांगेलचं नाव दिलं. ज्याला बेट सापडलंच नाही त्याचं नाव बेटाला, आणि ज्यांना ते पिढ्यान्‌पिढ्या दिसत होतं ते चुकची नामानिराळे!

तरी साहेबाच्या नावाने बोटं मोडून भागत नाही. साईक्सने ती अक्षरं उतरवून घेतली तेव्हा ब्राह्मी वाचू शकणारा माणूस जगात नव्हता. प्रिन्सेप या इंग्रज अभ्यासकाला ती लिपी उलगडली 1837 च्या सुमारास. पुढे जुनागढच्या भगवानलाल इंद्रजींनी याच गुहेच्या भिंतीवरचे अंक ओळखले आणि 1876 मध्ये त्यावर लिहिलं. यज्ञांत दान दिलेल्या गाई, हत्ती, कार्षापण नाणी यांचे ते आकडे. आज आपण लिहितो त्या अंकांचे पूर्वज. वाटसरूंना गुहा ठाऊक होती, नागनिका नव्हती. खरा शोध भगवानलालांचा म्हणायला हवा, पण ट्रेकच्या गप्पांत त्यांचं नाव क्वचितच निघतं.

व्रांगेलने एक काम मात्र चोख केलं. स्वतः न पाहिलेल्या त्या जमिनीची, याकान भूशिरावरून उन्हाळ्यात डोंगर दिसतात अशी नोंद त्याने नकाशावर ठेवली. नाणेघाटावर लिहिणाऱ्यांनीही एवढं करावं: 1828 हे साल देताना घाट तेव्हा चालू होता हे त्याच ओळीत लिहावं, आणि पुढच्या ओळीत भगवानलालांचं नाव घ्यावं.