भंगारात निघालेले विष

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आणि एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात नाशिकची दोन पिढ्यांची भाकरी शिजली. त्या काळातली रोहित्रे आता मोडीत निघत आहेत. लिलावात तांब्याचा, लोखंडाचा, ऑइलचा भाव ठरतो. त्या ऑइलात पीसीबी आहे का, हे मात्र आधी विचारले पाहिजे.

पीसीबी म्हणजे पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल सहजी पेट घेत नाही, म्हणून गेल्या शतकात ते रोहित्रांत आणि कपॅसिटरांत भरले गेले. तोच चिवटपणा आज जिवावर उठला आहे. ते मातीत जिरून संपत नाही. माशांच्या, माणसांच्या चरबीत साठते, आईच्या दुधातून तान्ह्या बाळापर्यंत जाते. १९६८ साली पश्चिम जपानात ते कोंड्याच्या खाद्यतेलात उतरले आणि हजारो माणसे आजारी पडली.

आमचे रोहित्र पीसीबी भरलेल्या जातीचे नाही, एवढ्यावर कोणी निर्धास्त राहू नये. एकच फिल्टर मशीन या रोहित्रावरून त्या रोहित्रावर फिरते आणि दूषित ऑइलचा अंश चांगल्या ऑइलात सोडून जाते. नजरेला ते कळत नाही, तपासावेच लागते. ऑइल बदलूनही भागत नाही, कारण आतल्या कागदा-लाकडात मुरलेले पीसीबी पुन्हा पाझरते.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या आदेशाने पीसीबी असलेल्या उपकरणांच्या वापराला ३१ डिसेंबर २०२५ ही अखेरची मुदत दिली. स्टॉकहोम करारानुसार २०२८ पर्यंत त्यांची विल्हेवाट लावायची आहे. पण भंगाराच्या वखारीत छिन्नी चालवणाऱ्या मजुराला हे कोण सांगणार? तो ऑइल गटारात ओततो, तांब्यासाठी उरलेले जाळतो. पीसीबी नष्ट व्हायला अकराशे अंशांहून अधिक तापमानाची भट्टी लागते. उघड्यावरच्या आगीत त्यातून डायॉक्सिन आणि फ्युरान तयार होतात. ती विषे त्याच्या छातीत जातात आणि गटारातले ऑइल नासर्डीतून गोदावरीत. सिंहस्थासाठी घाट धुणाऱ्या शहराला हे शोभत नाही.

वर्षानुवर्षे या रोहित्रांच्या विजेवर ज्यांनी नफा कमावला, त्यांचा कचरा गरिबाने हाताने उपसावा, हा उघड अन्याय आहे. तपासणीचा आणि शुद्धीकरणाचा खर्च मालकाचाच. पीसीबी निर्मूलनाच्या राष्ट्रीय कामात असलेल्या केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेची प्रयोगशाळा आता नाशिकजवळ शिलापूरला आहे. तिथे ही तपासणी व्हावी, असा आग्रह इथल्या उद्योजक संघटनांनी धरावा. महावितरण असो की खासगी कारखाना, तपासणीचा दाखला जोडल्याशिवाय एकही जुने रोहित्र लिलावात काढू नये आणि दूषित निघालेले रोहित्र परवानाधारक केंद्राखेरीज कोणाच्याही ताब्यात देऊ नये.