सगळ्यांनी एकदम थांबणं

पुण्यातल्या 'दुपारी १ ते ४ बंद' या पाटीवर इतके विनोद झाले, की त्या तीन तासांत काय घडत होतं हे पाहायचं राहूनच गेलं. एक वाजता पेठेतल्या दुकानाचं शटर अर्ध्यावर यायचं. आत गल्ला मोजला जायचा. मग मालक मागच्या वाड्यात पानावर बसायचा, आणि नोकर फळीवरचा डबा काढून तिथेच जेवून पोत्याला टेकायचा. गिऱ्हाईकही त्या वेळी घरीच असायचं. मालक, नोकर, गिऱ्हाईक एकाच वेळी थांबत, आणि थांबल्याबद्दल कुणाला सबब सांगावी लागत नसे. विश्रांती म्हणजे ज्याची त्याने आपापली शोधायची गोष्ट, असं आज आपण धरून चालतो. मला ते पटत नाही. चारचौघांनी मिळून ठरवल्याशिवाय ती बहुतेकांच्या वाट्याला येतच नाही.

विश्रांतीचा जुना विचार शरीराकडे पाहून झाला होता. चरकसंहितेने दिवसा झोपण्याला मोकळीक दिली ती उन्हाळ्यात, कारण तेव्हा रात्री लहान असतात. पण ओझं वाहून किंवा वाट चालून थकलेल्याला तिने ऋतूचं बंधन घातलं नाही. पुढे वामकुक्षी ही भरल्या पोटाची चैन समजली जाऊ लागली, तेव्हा हा ओझं वाहणारा माणूस त्यातून कधी निसटला, कुणाच्या लक्षातही आलं नाही. शेतीत विसाव्याचे दिवस ठरलेले होते. अमावास्येला औत धरायचं नाही, पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे मळायचे, पोळ्याला त्यांच्या मानेवर जू ठेवायचं नाही. बैलाचा हा हक्क गावाने निमूट मान्य केला होता. त्याच दिवशी पुरणाच्या रगाड्यात उभ्या असलेल्या बाईचा मात्र कुणी विचार केला नाही.

गिरणी आली आणि हे सगळं मोडलं. भोंग्याला ना ऋतू, ना अमावास्या. मुंबईच्या गिरण्या उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत चालत. इथे एका पुणेरी धाग्याची आठवण ठेवायला हवी. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापला. त्याच विचारातून कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात 'दीनबंधु' हे वृत्तपत्र सुरू केलं. ते बंद पडल्यावर १८८० साली मुंबईत पुन्हा उभं केलं नारायण मेघाजी लोखंडे यांनी. स्वतः गिरणीत नोकरी केलेल्या लोखंड्यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या वतीने निवेदन तयार केलं. त्यातल्या मागण्या आज वाचताना गळा दाटून येतो, इतक्या त्या साध्या आहेत. रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास. सकाळी साडेसहाला काम सुरू, सूर्य मावळला की बंद. पगार महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत.

दुपारचा अर्धा तास! म्हणजे भाकरी निवांत बसून खाण्याइतका वेळ.

सहा वर्षं लागली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत दहा हजार कामगारांची सभा भरली, तीत दोन स्त्रियांनी भाषणं केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार खंडोबाचा वार, तेव्हा जेजुरीकडे डोळे असलेल्या माणसाला तो परका नव्हता. माझ्या मते त्या दिवशी विश्रांतीचा विचारच पालटला. तोवर ती शरीराची गरज होती, किंवा देवाधर्माने दिलेली मुभा. आता ती मागून मिळवायचा हक्क झाली. आणि गिरणी बंद म्हणजे सगळ्यांनाच सुट्टी. कामावर राहून दुसऱ्याच्या पुढे जायची सोयच नाही. लोखंडे १८९७ साली प्लेगने गेले. रविवारी सकाळी उशिरा उठणाऱ्या किती घरांत त्यांचं नाव ठाऊक असेल?

पुण्यात हीच मागणी पुन्हा उठली ती १९८० साली, आणि तीही स्वयंपाकघरांतून. आजारपणात खाडे झाले म्हणून एका मोलकरणीला कामावरून काढलं, तेव्हा आसपासच्या घरकामगार बायकांनी काम थांबवलं. त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पगारवाढीइतकाच आजारपणाच्या आणि हक्काच्या सुट्टीचा प्रश्न त्यांनी लावून धरला. एकटीने केला तर तो खाडा. सगळ्यांनी केला तेव्हा मालकिणींना समोर बसून बोलावं लागलं.

याच शहरात, मॉडेल कॉलनीत, बी. के. एस. अय्यंगारांची योगसंस्था १९७५ पासून आहे. शवासन दिसायला सोपं आणि साधायला फार कठीण, हे त्यांनी जगाला शिकवलं. ती शिकवण मला मोलाची वाटते. निश्चल पडून राहणं हीदेखील साधना आहे. पण तिला चटई अंथरण्याइतकी जागा लागते आणि आपल्या मालकीचा तास लागतो.

तो तास आता विरत चालला आहे. १९४८ च्या कायद्याने प्रत्येक दुकानाला आठवड्यातून एक दिवस बंद राहावं लागे. २०१७ च्या कायद्याने वर्षभर, चोवीस तास उघडं ठेवायची परवानगी दिली. कामगाराची साप्ताहिक सुट्टी राहिली, पण पाळीपाळीने. पुण्याच्या चितळे बंधू मिठाईवाल्यांनी दुपारी दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली तीही २०१७ सालीच. हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत संध्याकाळचे साडेसात वाजतात तेव्हा उन्हाळ्यातल्या न्यूयॉर्कमध्ये सकाळचे दहा झालेले असतात, आणि मीटिंग तेव्हाच लागते. नवऱ्याची कारखान्याची सुट्टी गुरुवारी, बायकोची मॉलमधली मंगळवारी, मुलांची रविवारी. सुट्टी तिघांनाही आहे, पण ताटं एकत्र मांडायची कधी?

घरकामगारांसाठी २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण त्यात आठवड्याची सुट्टी नाही. ती द्यायला कायद्याची वाट पाहायचं कारण नाही. गृहनिर्माण सोसायट्यांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत होतात. पार्किंग आणि पाण्याच्या टँकरवर तिथे तास तास बोलणं होतं. यंदा विषयपत्रिकेवर आणखी एक विषय घ्यावा: इमारतीत कामाला येणाऱ्या सगळ्या बायकांना आठवड्यातून एक दिवस भरपगारी सुट्टी, आणि ती सगळ्यांना एकाच वारी. वार कोणता, ते त्यांनाच विचारून ठरवावं.