सब घोडे साडेसात फूट

‘बास’ हा शब्द मी पंचेचाळीस वर्षं एकाच अर्थाने वापरत आलो. ताटात चौथी पोळी पडायला लागली की बास. साहेबांनी पाचच्या ठोक्याला नवी फाईल पुढे सरकवली की मनातल्या मनात बास. अमेरिकेत या नावाचा एक मासा असतो आणि त्याच्या पायी चांगली शिकलेली माणसं बास म्हणायला तयार नसतात, हे मला एप्रिलात ताईकडे डॅलसला गेलो तेव्हा कळलं. (तिकीट ताईने काढलं होतं. बँकेतल्या कारकुनाबद्दल उगाच गैरसमज नको.)

दाजींच्या गॅरेजमध्ये भिंतीला ओळीने अकरा काठ्या टांगलेल्या होत्या. मला आधी वाटलं, पडद्यांच्या असतील.

“दाजी, एवढ्या कशाला?”

“मासे धरायला.”

“कुठले कुठले?”

“एकच. बास.”

एका माशाला अकरा काठ्या! आमच्या शाखेत अख्ख्या गावाला मिळून एक पेन आहे, तेसुद्धा दोरीने बांधलेलं.

त्यातल्या चार काठ्या तर नुसत्या जिगच्या. जिग म्हणजे शिशाचा एक बोराएवढा गोळा, त्यात ओतलेला एकच जाडजूड गळ, आणि गळाभोवती रबरी झिरमिळ्यांचा परकर. वजन अर्धा औंस, म्हणजे साधारण १४ ग्रॅम. हा ऐवज तळाशी सोडायचा आणि हलके हलके उड्या मारत आणायचा. बासाला वाटतं, झिंग्या-खेकड्याच्या गोतातलं कुणीतरी चाललंय. या चार काठ्यांची लांबी अनुक्रमे ६ फूट १० इंच, ७ फूट, ७ फूट ३ इंच आणि ७ फूट ६ इंच.

“तीन इंचांनी असा काय फरक पडतो?” असं मी विचारून गेलो. दाजी तसे मितभाषी. लग्नात उखाणासुद्धा त्यांनी अर्ध्यावर सोडला होता. पण या प्रश्नावर ते पाऊण तास बोलले. लांब काठीने एका हिसक्यात जास्त दोरी ओढली जाते, पाण्यातला ढिलेपणा निघतो आणि जाड गळ माशाच्या टणक जबड्यात नीट रुततो. शिवाय बुडालेल्या झाडाला दोरीचे वेढे बसण्याआधी मासा बाहेर खेचता येतो. पण तेच धक्क्याच्या फळ्यांखाली, सावलीत गोळा सरपटत धाडायचा असेल, तर लांब काठी अडचणीची; तिथे आखूड हवी, नेमही चांगला लागतो. आणि धरणाऱ्याची उंची? बुटक्या माणसाने काठी खाली करून झटका दिला की शेंडा पाण्यावर आपटतो.

“ते सगळं ठीक. पण बरोबर लांबी कुठली?”

“कुठे?” दाजी म्हणाले.

“कुठे म्हणजे? बरोबर म्हणजे बरोबर!”

आता माझा पिंड बी.कॉम.चा. उत्तर एकच असतं आणि त्याच्याखाली दोन रेघा मारायच्या असतात. काउंटरवर मी वीस वर्षं याच हिशोबाने बसलो. सरपंच असो की शेतमजूर, माप एकच. सब घोडे बारा टक्के. लोक हे टोमणा म्हणून म्हणतात. मी ब्रीदवाक्य म्हणून वापरत होतो.

शनिवारी पहाटे लेक फोर्कला गेलो. डॅलसच्या पूर्वेला गाडीने दीड तासावर हा तलाव आहे. धरण बांधलं तेव्हा बरीच झाडं उभीच ठेवली, ती अजून पाण्यात सांगाड्यासारखी उभी आहेत. टेक्ससमधला आजवरचा सर्वांत मोठा बास, १८.१८ पौंडांचा, इथेच १९९२ साली निघाला, हे दाजींनी अशा स्वरात सांगितलं की माझे हात आपसूक जोडले गेले.

पाहुणा म्हणून दाजींनी मला सर्वांत लांब काठी दिली. मी पाच फूट दोन इंच. तिचा शेंडा पाण्यावर चापट्या मारत होता आणि बूड माझ्या पोटात ढोसत होतं. पहिल्या तासात मी तीन झाडं धरली. दाजी काही बोलले नाहीत. मग माझ्या हातातली काठी हळूच काढून घेतली आणि सहा-दहाची दिली.

“तू वाईट नाही टाकत रे. काठी तुझ्या मापाची नव्हती. मीच चुकीची दिली.”

अर्ध्या तासात खरंच एक बास लागला. अठरा इंच! मी ताईला फोन करून मसाला वाटायला सांगणार, तोच दाजींनी तो पाण्यात सोडूनही दिला. या तलावावर १६ ते २४ इंचांच्या मधला बास ठेवता येत नाही म्हणे. धाकटे न्या, क्वचित एखादा थोरला न्या, मधल्याला हात लावायचा नाही. मध्यमवर्गाला संरक्षण देणारा कायदा मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला, आणि तोही माझ्याच विरुद्ध लागू झालेला.

पण मला हसू आलं नाही. दाजींचं ते ‘मीच चुकीची दिली’ कानात अडकलं होतं, आणि त्याच्या मागोमाग एक आजी येऊन होडीत बसल्या होत्या.

आदल्या नोव्हेंबरातली गोष्ट. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांनी हयातीचा दाखला द्यायचा असतो. या आजींचा नवरा रस्त्याच्या कामावर होता, त्याच्या माघारी यांना पेन्शन. स्वतःही जन्मभर मजुरीच केली, त्यामुळे बोटांवर रेघा उरलेल्या नाहीत. यंत्र अंगठा घेईना. यंत्राने नाही म्हटलं की मी नाही म्हणतो, माप एकच. दोनदा परत पाठवलं. तिसऱ्या खेपेला त्या म्हणाल्या, “बाळा, मी जित्ती हाय का न्हाई, त्ये तूच सांग.”

“मशीनला विचारा, आजी,” मी म्हणालो.

रांग हसली. विनोदी लेखक म्हणून माझं गावात थोडं नाव आहे. हा किस्सा मी पुढे पंधरा दिवस सांगत होतो.

आता जे कधी सांगितलं नाही ते. कागदी दाखला चालतो. यंत्रं येण्याच्या आधीपासून चालत आलाय. त्याचे फॉर्म मागच्या कपाटात, दुसऱ्या फळीवर होते. माझ्या खुर्चीपासून सात-साडेसात फूट. मला ते ठाऊक होतं. जेवणाची सुट्टी व्हायला दहा मिनिटं होती, एवढंच. आणि त्याच आठवड्यात एका व्यापाऱ्याची सही जुळेना, तेव्हा “घाईत झाली असेल शेठ, निवांत करा परत,” म्हणून मीच चहा मागवला होता.

रात्री जेवताना मी आजींचं नाव न काढता विषय काढला. भाची कॉलेजात तत्त्वज्ञान शिकते. ती म्हणाली, “मामा, हे ॲरिस्टॉटलने लिहून ठेवलंय. लेस्बॉस बेटावरचे गवंडी शिशाची पट्टी वापरायचे. ती दगडाच्या आकाराप्रमाणे वाकते. कायदा सगळ्यांना सरसकट लागू होतो, म्हणून कुठेतरी कमी पडतो; तिथे अशी पट्टी लागते.” शिसं दोन हजार वर्षांपूर्वीही कामाचं होतं तर!

माझ्यातला कारकून मात्र उठून बसला. पट्टी वाकायला लागली की ती नेमकी कुणासाठी वाकते, हे मी वीस वर्षं पाहिलंय. ती शेठसाठी वाकते. ज्याचं कुणी नाही त्याला ताठ पट्टीचाच आधार असतो.

दाजींनी आमटी ओरपता ओरपता वेगळंच काढलं. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात डी थॉमस नावाचा एक पट्टीचा गळवाला बारा फुटी काठी घेऊन झुडपांत गोळे सोडायचा. बाकीच्यांनी तक्रार केली, तेव्हा स्पर्धेत त्याला साडेसात फुटांवर यावं लागलं. त्याने तेवढ्यातच नवा हात बसवला, आज सगळे त्याला फ्लिपिंग म्हणतात, आणि १९७५ साली आर्कान्साच्या बुल शोल्स तलावावरची मोठी स्पर्धा जिंकली.

“म्हणजे नियम हवाच ना, दाजी?”

“हवा की. पण नियम ‘यापेक्षा लांब नको’ एवढाच आहे. त्याच्या आत कुठली घ्यायची ते आपण बघायचं. अमटी वाढ गं थोडी.”

वाद तिथेच थांबला. माझ्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण मला ते कपाट दिसत होतं.

परत आल्यावर मी फॉर्मचा गठ्ठा कपाटातून काढून माझ्या खणात ठेवलाय. शिपायाने दोनदा विचारलं, कशाला म्हणून. मी सांगितलं, हाताशी असलेला बरा. शेठची सही परवा पुन्हा जुळली नाही; मी परत करायला लावली, चहा मागवला नाही. त्यांनी साहेबांकडे तक्रार केली आहे.

काल दाजींचा फोन होता. बारावी काठी घेतायत. सात-दोन घ्यावी की सात-चार, असा पेच. मी विचारलं, “कुठे?” फार खूश झाले.

आज नोव्हेंबरची तेवीस तारीख. आजी अजून आलेल्या नाहीत. तीसपर्यंत मुदत आहे.