जुन्या कपड्यांचे दुकान आणि दोनशे झूझ



आमच्या लहानपणी माझगावच्या चाळीत दुपारच्या वेळी बोहारीण येई. डोक्यावर भांड्यांची टोपली, खांद्यावर गाठोडे. आई दोन विजारी, एक विरलेली साडी आणि बाबांचा कॉलर गेलेला सदरा तिच्यापुढे टाकी. बोहारीण एकेक कपडा उजेडात धरून भोके शोधी आणि "बाई, अजून एक लुगडं टाका," म्हणून उंबऱ्यावर ठाण मांडी. अर्ध्या तासाच्या घासाघिशीनंतर एक स्टीलचा डबा घरात येई. त्या व्यवहारात दाता कोणी नव्हता आणि याचकही कोणी नव्हता. आपणच जिंकलो असे दोघींनाही वाटे.

१९८८ साली आम्ही डार्विनला आलो आणि वॉर्डातल्या एका सिस्टरने आम्हाला 'ऑप शॉप' दाखवायला नेले, तेव्हा आमचे पाय दारातच अडखळले. ऑप शॉप म्हणजे अपॉर्च्युनिटी शॉप. लोकांनी फुकट दिलेल्या वस्तू धर्मादाय संस्था स्वस्तात विकते आणि त्या पैशातून गरजूंना मदत करते. सेंट व्हिन्सेंट डी पॉलची 'विनीज' आणि साल्व्हेशन आर्मीची 'साल्व्होज' ही दुकाने ऑस्ट्रेलियाभर आहेत. पण धर्मादाय म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे रांग येई, हात पसरलेले येत. आम्ही नोकरी करीत होतो, तिथे कशाला जायचे?

नेणाऱ्या सिस्टरने हसून सांगितले, "या गावात उतरलेल्या कपड्यांची लाज कोणी बाळगीत नाही." का, ते पुढे कळले. १९७४ च्या ख्रिसमसच्या पहाटे ट्रेसी चक्रीवादळाने डार्विन जमीनदोस्त केले. ६६ माणसे गेली आणि सुमारे ३५ हजार लोकांना दक्षिणेकडे हलवावे लागले, बहुतेकांना अंगावरच्या कपड्यांनिशी. १९७६ साली व्हिएतनामी निर्वासितांची पहिली होडी याच किनाऱ्याला लागली. १९९९ साली पूर्व तिमोरची हजारावर माणसे विमानांनी इथे आणली गेली. त्या वेळी आम्ही इथेच होतो. रिकाम्या हातांनी येणारा माणूस या गावाला नवा नाही.

त्या पहिल्या दिवशी आम्ही मुलासाठी शाळेचे बूट आणि एक पातेले घेतले, तीन डॉलरमध्ये. शेजारी एका डॉक्टरांच्या पत्नी चिनी मातीचे कप निरखीत होत्या. गल्ल्यावरच्या बाईंनी दोघींनाही सारखेच "थँक यू, लव्ह" म्हटले. आमची लाज तिथेच गळून पडली.

इस्पितळातली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. दूरच्या वस्त्यांतून विमानाने आणलेले रोगी कित्येकदा इस्पितळाच्या गाऊनशिवाय काहीही न घेता येत. त्यांना घरी पाठवताना घालायला म्हणून आम्ही परिचारिका वॉर्डातल्या एका कपाटात जुने कपडे जमवून ठेवीत असू. एका वृद्ध बाईंनी त्यातला स्वच्छ, धुतलेला झगा नाकारला. आम्हाला थोडा रागही आला. दुसऱ्या दिवशी नातीबरोबर त्या दुकानात गेल्या आणि जवळपास तसाच झगा दोन डॉलर देऊन घेऊन आल्या. पुढे आम्ही रोग्यांना कपडे देण्याआधी विचारू लागलो, हे त्या बाईंचे आमच्यावरचे ऋण.

आता निवृत्त झाल्यावर दर मंगळवारी आम्ही अशाच एका दुकानाच्या मागच्या खोलीत आलेल्या पिशव्या निवडायला बसतो. पूर्वी लोक बटणे लावून, इस्त्री करून कपडे पाठवीत. आता पावसाळ्यात बुरशी चढलेल्या, ओल्या पिशव्या दाराशी टाकून जातात. तीन धुण्यांत उसवणारे स्वस्त नवे कपडे तर दुसऱ्याला देण्याच्या लायकीचेच राहत नाहीत. काही वर्षांपूर्वी संस्थांनी केलेला अंदाज असा होता की लोकांनी दिलेला सुमारे ६० हजार टन निरुपयोगी माल दरसाल कचऱ्यात फेकावा लागतो आणि त्यापायी एक कोटी तीस लाख डॉलर जातात. उरल्यासुरल्यातले पुष्कळसे गठ्ठे बांधून परदेशी जाते. पाश्चात्त्य देशांचे जुने लोकरीचे कपडे आपल्या पानिपतला पोचतात, तिथे त्यांचा धागा पिंजून घोंगड्या होतात. बोहारणीचे गाठोडे आता जगभर फिरते आहे, एवढाच काय तो फरक!

किमतीही वाढल्या. दोन डॉलरचा सदरा आता आठ-दहाला आहे. चांगल्या कंपनीचे नाव दिसले की तो वेगळ्या रॅकवर जातो. याचे एक कारण आमच्या घरातच निघाले. आमची भाची मेलबर्नला असते. ती अशा दुकानांतून कपडे वेचते आणि फोनवरून विकते. एक जाकीट तिने बारा डॉलरला घेतले, नव्वदला विकले. आमचा चेहरा पाहून म्हणाली, "मावशी, मी चोरी केली का? पैसे मोजून घेतलं. दुकानाला पैसा मिळाला, तो गरिबालाच जाणार ना?"

उत्तर चटकन सुचले नाही. तोरात शेताचा कोपरा कापू नये, पडलेली कणसे वेचू नयेत, ती गरिबांसाठी व परक्यांसाठी सोडावीत असे सांगितले आहे. रूथ त्याच हक्काने बोअझच्या शेतात गेली. मिश्नाच्या पेआ या भागात हद्दही घातली आहे: ज्याच्यापाशी दोनशे झूझ आहेत त्याने ती कणसे उचलू नयेत. एक झूझ जरी कमी असला तरी चालेल. हे भाचीला सांगायला निघालो आणि मध्येच थांबलो. आमच्या खात्यात दोनशे झूझ कितीतरी पटींनी आहेत, आणि गेल्याच महिन्यात आम्ही त्या दुकानातून एक नवीकोरी चादर चार डॉलरला उचलली होती.

यावर दुकान म्हणजे शेत नव्हे, असे म्हणता येईल. खाऊनपिऊन सुखी माणसांनी जाणे सोडले तर गल्ला रिकामा राहील. शिवाय दुकानात फक्त गरीबच दिसू लागले, तर त्या दारातून आत जाणे म्हणजेच आपली गरिबी जाहीर करणे होईल. डॉक्टरांच्या पत्नी कप निरखीत होत्या म्हणून तर आम्हाला बूट घेता आले. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांना संस्था चिठ्ठी देऊन फुकट कपडे देतात, हे खरे. पण त्यासाठी आधी टेबलापलीकडच्या माणसाला आपली कहाणी सांगावी लागते. झगा नाकारणाऱ्या बाईंना तेवढेच नको होते.

म्हणून सध्या आम्ही कप घेतो, पुस्तके घेतो. चादरी, पातेली, मुलांचे बूट यांना हात लावीत नाही. भाचीला हे सांगितले तर ती म्हणते, "तू सोडलेली चादर गरीब नेतो हे तुला कोणी सांगितलं? माझ्यासारखीच एखादी नेईल." तिचे म्हणणे खोडून काढता येत नाही. पण गेल्या मंगळवारी शाळेच्या बुटांचा एक चांगला जोड निवडताना हातात आला. शाळा सुरू व्हायला आठवडा होता. किंमत घालण्याचे काम आमच्याकडे नाही, तरी व्यवस्थापक बाईंना विचारून आम्ही त्यावर दोन डॉलरची चिठ्ठी लावली आणि वरच्या फळीवर न ठेवता खाली, मुलांच्या हाताला येईल असा ठेवला.