ड्रोनने कधी उडू नये?

दिवाळीच्या आगेमागे वऱ्हाडात कापसाची पहिली वेचणी होते. सीतादहीची पूजा होते, ओट्या बांधून बाया तासाला लागतात आणि तोवर झाकून राहिलेली गोष्ट त्यांच्या बोटांना कळते. बाहेरून हिरवंगार दिसणारं बोंड आतून किडलेलं निघतं: कवडी झालेला कापूस, डागाळलेली सरकी, गुलाबी अळी. ती आत शिरली कित्येक दिवसांपूर्वी. शेतकऱ्याला कळलं आज. अकोला-अमरावतीच्या शेतीचं बरंचसं दुखणं या उशिरात आहे. ड्रोन आणि सेन्सरच्या जाळ्याची चर्चा इथे करायची तर ती या उशिरापासूनच सुरू करावी लागते.

बातमी उशिरा येते तेव्हा माणूस अंदाजाने फवारतो. 2017 साली या अंदाजाची किंमत वऱ्हाडाने मोजली. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती. उकाडा होता, दमट हवा होती. दोन-तीन औषधं एकत्र कालवून बॅटरीच्या पंपाने मारली जात होती, आणि तुषार फवारणाऱ्याच्याच तोंडावर येत होते. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यांत पोचले. एवढं होऊनही बोंडअळीने त्याच हंगामात कापूस खाल्लाच. बोंडात शिरलेल्या अळीपर्यंत औषध पोचतच नाही. विष माणसाला भिडलं; किडीला भिडलं नाही.

म्हणून ड्रोनचा पहिला गुण उत्पादनाच्या हिशेबात मांडू नये. पाठीवरचा पंप उतरला आणि माणूस विषाच्या ढगातून बाहेर धुऱ्यावर आला, हाच तो गुण. दहा लिटरची टाकी घेऊन ड्रोन दहाएक मिनिटांत एकर उरकतो. जपानमध्ये यामाहाने 1987 मध्येच भातशेतीसाठी चालकाविना उडणारं हेलिकॉप्टर आणलं होतं. आपल्याकडे ड्रोन नियमावली ऑगस्ट 2021 मध्ये आली, आणि त्याच वर्षअखेरीस केंद्रीय कृषी खात्याने फवारणीची कार्यपद्धती ठरवून दिली. 2023 मध्ये मंजूर झालेल्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत 15,000 महिला बचत गटांना ड्रोन द्यायचे ठरले. किमतीच्या 80 टक्के, जास्तीत जास्त 8 लाख रुपये अनुदान. निंदण आणि वेचणी बाईची, यंत्र पुरुषाचं, ही जुनी वाटणी त्यामुळे थोडी तरी हलली.

पण नुसता ड्रोन म्हणजे आकाशातला पंप. काय मारायचं, कधी मारायचं, मारायचं की नाही, हे त्याला कुठे ठाऊक? ते जमिनीवरच कळतं. बोंडअळीच्या नर पतंगांना भुलवणाऱ्या कामगंध सापळ्याचं गणित कृषी विभाग वर्षानुवर्षं सांगत आला आहे: हेक्टरी पाच सापळे लावा, सापळ्यामागे आठ नर पतंग सलग तीन रात्री सापडले, तर उपाय करा. गणित सोपं आहे. पण भाद्रपदाच्या चिखलात रोज सकाळी पतंग मोजायला जाणार कोण? पहिल्या आठवड्यात मोजणी होते, पुढे सापळा नुसता झुलत राहतो.

इथे जोडलेली उपकरणं कामाची ठरतात. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने कॅमेरा बसवलेला सापळा तयार केला आहे. तो अडकलेल्या पतंगांचे फोटो पाठवतो, यंत्र मोजणी करतं, आकडा शेतकऱ्याच्या मोबाईलवर येतो. पंजाबातल्या मानसा, भटिंडा, मुक्तसर जिल्ह्यांच्या शेतांत तो लावून पाहिला गेला. असे सापळे, मातीचा ओलावा मोजणाऱ्या सेन्सरचे खुंटे, छोटी हवामान केंद्रं एकमेकांशी बिनतारी बोलू लागली की वावराचं जाळं तयार होतं. लोरा नावाच्या रेडिओपद्धतीत निरोप आखूड असतो, पण मोकळ्या रानात काही किलोमीटर जातो आणि बॅटरीही फार खात नाही. जिथे दाट तुरीत किंवा मेळघाटाच्या पायथ्याशी रेंज पोचत नाही, तिथे वरून जाणारा ड्रोन प्रत्येक खुंट्याचा निरोप गोळा करून आणू शकतो. गावचा कोतवाल दारोदार फिरे, तसा.

ड्रोनच्या नजरेलाही मर्यादा आहेत. पानं लाल पडू लागली, एखादा पट्टा पाण्यावाचून मलूल झाला, हे वरून दिसतं. बोंडातली अळी दिसत नाही. न उमलता गुंडाळून राहिलेलं फूल, म्हणजे डोमकळी, ओळखायला अजून तासातून चालणारी बाईच लागते. तिचं पाहणंही या जाळ्यातला एक खुंटा मानायला हवं, आणि त्याची नोंद व्हायला हवी.

खुंटेही खोटं बोलतात. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. मातीपासून सुटलेल्या सेन्सरला हवेची पोकळी म्हणजे कोरडी जमीन वाटते. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात त्याच्या उलट. तिथे मातीतल्या क्षारांमुळे स्वस्तातला सेन्सर आहे त्यापेक्षा जास्त ओल दाखवतो. दुसऱ्या मातीसाठी जुळवलेलं उपकरण दर्यापूरच्या शेतात रोवलं, तर ते बिनधास्त चुकीचं सांगेल आणि शेतकरी ते खरं मानेल, कारण ते आकड्यात सांगितलं आहे. 1969 पासून अकोल्यात असलेल्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठासारख्या संस्थेचं काम इथेच आहे: आपल्या मातीत उपकरणाची जीभ सरळ करणं.

मग प्रश्न उरतो तो या बातमीच्या मालकीचा. महावेध प्रकल्पात राज्यभर महसूल मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली. पण बैलाचं एक शिंग भिजवून दुसरं कोरडं ठेवणारा पाऊस मंडळाची हद्द पाहून पडत नाही. विम्याचा दावा मंडळाच्या आकड्यावर ठरतो, नुकसान वावरात होतं. केंद्राच्या ‘विंड्स’ प्रकल्पात पर्जन्यमापक ग्रामपंचायतीपर्यंत न्यायचे आहेत, ते स्वागतार्हच. तरी वावरातल्या नोंदीची पहिली प्रत शेतकऱ्याच्या हाती हवी. विमा कंपनी आणि औषध विक्रेत्याला आपल्या शेताची माहिती आहे आणि आपल्यालाच नाही, असं झालं तर सेन्सर हा नवा सावकार ठरेल.

सगळ्यात अवघड गाठ पैशाची आहे. ड्रोन चालवणाऱ्या गटाला पैसे मिळतात ते फवारलेल्या एकरावर. जितकं उडेल, तितकी कमाई. त्याच गावातलं सापळ्यांचं जाळं मात्र बरेचदा सांगणार, आज उडू नका. पतंग तीनच आहेत. वारा सुटला आहे, औषध शेजाऱ्याच्या वावरात जाईल. सकाळी मधमाश्या तुरीच्या फुलावर आहेत. हा सल्ला खरा असला तरी त्या दिवशीची मजुरी बुडते. यंत्र शहाणं आणि व्यवहार अडाणी, अशी ही जोडी टिकणार नाही.

म्हणून मोबदला पाहण्याचाही द्यायला हवा. हंगामाला एकरी ठरावीक रक्कम घेऊन गटाने सापळे राखावेत, आमिष बदलावं, डोमकळ्या मोजाव्यात, खुंटे जुळवून घ्यावेत आणि गरज पडली तरच ड्रोन उडवावा. अनुदान देणाऱ्या योजनेने किती एकर फवारले याबरोबर किती फवारण्या वाचल्या, हेही विचारावं. मग पुढच्या एखाद्या भाद्रपदात ड्रोन बचत गटाच्या खोलीत चार्ज होऊन नुसता पडून राहील, दीदी वही घेऊन वावरात जाईल आणि त्या दिवसाचे पैसे तिला मिळतील.